फाशांवरची लढाई

श्रोतेहो, सारीपाट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, काहींनी खेळलाही असेल. दान पडले की सोंगटी पुढे सरकते, मारली गेली की माघारी जाते आणि पुन्हा नव्याने निघते. सोंगटी मेली म्हणून कोणी डोळ्यांना पदर लावत नाही. आज मी ज्या खेळाविषयी बोलणार आहे, त्यात सोंगटीला नाव असते, गाव असते, घरी वाट पाहणारी आई असते. ती मेली तर तेरा वर्षांचा मुलगा रात्री जेवत नाही. हे मी माझ्या घरात पाहिले आहे. तो मुलगा माझा भाचा.

खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो रचला आणि १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावाहून प्रसिद्ध केला. पहिली छपाई अवघी १,००० प्रतींची. चार-पाच गडी टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राचे सोंग घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार म्हणतो, "समोर पडकी गढी आहे, आतून धूर येतोय." मग आपण काय करतो ते ज्याने त्याने सांगायचे. दक्षिण कोकणातले दशावतारी लिहिलेल्या संहितेवाचून जागच्या जागी संवाद रचतात, त्याच जातीचा हा प्रकार म्हणा ना. फरक असा की दशावतारात राक्षस शेवटी मरणार हे ठरलेले असते. इथे कोण मरणार ते फासा ठरवतो.

लढाई कशी चालते ते आधी पाहू. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे नियम धरून सांगतो. मुख्य फासा वीस पृष्ठांचा. प्रथम सगळ्यांनी दान टाकून पाळीचा क्रम लावायचा. पाळी आली की थोडे चालायचे आणि एक काम करायचे; वार करा, मंत्र टाका, नाहीतर पळा. वार करणाऱ्याने आपल्या दानात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा. बेरीज शत्रूच्या चिलखताच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली, की वार लागला. गॉब्लिन नावाचे खुजे, कपटी प्राणी या खेळात असतात, त्यांचा हा आकडा १५. योद्धा आपल्या दानात ५ मिळवीत असेल तर १० किंवा त्यावर काहीही पडलेले चालते. म्हणजे विसांत अकरा संधी. गणिताच्या शिक्षकांनी इथे कान टवकारले असतील, आणि ते योग्यच आहे. संभाव्यतेचा पाठ फळ्यावर शिकवताना मुले जांभया देतात. इथे तीच मुले पाळी येण्याआधीच हिशेब मांडून बसलेली असतात.

वार लागला की दुसऱ्या फाशाने इजा मोजायची आणि ती शत्रूच्या 'हिट पॉइंट'मधून वजा करायची. त्यांना आपण दम म्हणू. गॉब्लिनचा दम ७, नवख्या जादूगाराचा जवळपास तेवढाच.

हा दम आला कुठून, त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ साली 'चेनमेल' नावाचे युद्धखेळाचे नियम छापले होते. त्यात साधा शिपाई एका तडाख्यात गारद होई. शिपायांची पलटण असेल तर त्यात गैर काही नाही. पण आर्नेसनकडे मिनेसोटात जे गडी जमत, त्यांतला प्रत्येक जण एकाच माणसाचे सोंग घेऊन बसलेला. त्या माणसावर त्यांचा जीव जडला, आणि एका दानात तो जावा हे त्यांना रुचेना. तेव्हा आर्नेसनने आपल्याच एका जुन्या आरमारी खेळातली युक्ती उचलली. त्यात पोलादी पत्र्याच्या युद्धनौका काही ठरावीक मारा सोसूनच बुडत. जहाजाचा हिशेब असा माणसाला लागू झाला! पुढे आर्नेसनने स्वतःच ही गोष्ट सांगितली आहे. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की गड्यांच्या मायेसाठी त्याने नियम बदलला; पडलेले दान खोटे सांगितले नाही.

सूत्रधाराचे पद याहून जुने. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. त्यात दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे देत आणि पंच फासे टाकून परिणाम सांगे. नियम इतके किचकट की खेळणारे कंटाळत. म्हणून १८७६ साली व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा याने सुचवले, की पुस्तक मिटा आणि जाणत्या पंचाच्या विवेकावर सोपवा. नियम मोठा की पंच मोठा, हा वाद तेव्हापासूनचा आहे आणि माझ्या दिवाणखान्यातही तो होऊन गेला.

झाले असे. भाच्याचा पहिला योद्धा पहिल्याच दिवशी मेला, आणि पोरगा उपाशी झोपला. पुढच्या खेपेस त्याने जादूगार घेतला, दम ८. नवख्यांसाठी २०१४ साली निघालेल्या संचातला पहिलाच प्रसंग मी मांडला. वाटेत दोन घोडे मरून पडलेले, आणि दोन्ही बाजूंच्या झाडीत चार गॉब्लिन दबा धरून. दिसायला सोपा, पण या प्रसंगात भले भले गारद होतात. जादूगाराचा दम ३ वर आला होता. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकला, तो पडला २०. वीस पडले की इजेचे फासे दुप्पट टाकायचे. इजा भरली ११. म्हणजे दम शून्यावर येऊन वर ८ उरली, आणि उरलेली इजा पूर्ण दमाइतकी झाली की नियमाने जागच्या जागी मृत्यू. मी पोराच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणालो, "बाण चुकला."

माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने फासा पाहिला होता. आठवड्याने बातमी त्याच्या कानावर गेली. तो मला म्हणाला, "म्हणजे मामा, तो वाचलाच नाही. तू वाचवलास. मग मी मारलेले गॉब्लिन तरी खरे होते का?" मला उत्तर देता येईना. त्याने पात्राचा कागद घडी घालून दप्तरात ठेवला आणि पुढे तीन-चार महिने तो खेळायला आला नाही.

अनेक अनुभवी सूत्रधार म्हणतात, खेळाच्या रंगासाठी एखादे दान लपवले तर बिघडत नाही. माझे मत आता तसे नाही. दया करायची तर ती दान टाकण्यापूर्वी करावी, आणि तिला जागा पुष्कळ असते. चाराऐवजी दोन गॉब्लिन ठेवा. झाडीत कुजबुज ऐकू येऊ द्या, म्हणजे गड्यांना माघार घेता येईल. मुख्य म्हणजे शत्रूला काय हवे आहे ते आधी ठरवा. वाटमाऱ्याला गाडीतला माल हवा असतो, आपले प्राण देण्याची हौस नसते. १९८१ सालच्या 'बेसिक' आवृत्तीत यासाठी धीराचा नियम होता. पहिला साथी पडला की, आणि अर्धे पडले की, दोन साधे फासे टाकायचे. बेरीज धीराच्या आकड्यापेक्षा जास्त आली तर शत्रू पळतो किंवा शरण येतो. गॉब्लिनचा धीर ७. दोन फाशांच्या छत्तीस जोड्यांपैकी पंधरांत ते पळणार. मी हा नियम नव्या आवृत्तीतही वापरतो. लढाया त्यामुळे लवकर आटपतात, हा वेगळाच फायदा. एक फेरी म्हणजे सहा सेकंद; पण चार फेऱ्यांची चोवीस सेकंदांची लढाई टेबलावर तासभर रेंगाळते आणि पोरे मोबाइल काढून बसतात.

भाचा परत आला तेव्हा आडोशाचा पुठ्ठा मी रद्दीत दिला होता. आता फासे सर्वांदेखत पडतात. त्या दिवशी त्याचा नवा जादूगार शून्यावर आला. अशा वेळी आपल्या पाळीला वीस पृष्ठांचा फासा टाकायचा. १० किंवा वर पडले तर एक यश, खाली पडले तर एक अपयश. तीन यशे झाली तर जीव टिकतो, तीन अपयशे झाली तर संपले. दोन अपयशे झाली होती. शेजारची मुलगी आपला वार सोडून त्याला सावरायला धावली आणि तिचे दान लागले. पोरगा इतका ओरडला की शेजारी विचारायला आले.

वीस पृष्ठांचा फासा खेड्यात सहज मिळत नाही. शाळेत खेळ मांडायचा असेल तर १ ते २० आकड्यांच्या सारख्या चिठ्ठ्या करून तांब्यात घालाव्या आणि वर्गातल्या सर्वांत लहान मुलाकडून काढवून मोठ्याने वाचून घ्याव्या. वाचलेली चिठ्ठी पुन्हा तांब्यात टाकायला मात्र विसरू नये, नाहीतर पुढच्याचा हिशेब चुकतो.