तीन नावांची एक लेखिका आणि संदर्भसूचीचं यंत्र

कोथरूडला लागून असलेल्या हिंगण्यात, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, महर्षी कर्व्यांच्या संस्थेत बाळूताई खरे शिकल्या. 'अलंकार-मंजूषा' त्यांनी याच नावानं लिहिलं. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, ते विभावरी शिरूरकर या टोपणनावानं. विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालती बेडेकर झाल्या आणि त्या नावानंही लिहीत राहिल्या. त्यांच्यावर काम करणाऱ्यानं आज संगणकाकडून संदर्भसूची काढली, तर ही एकच बाई ख, ब आणि श अशा तीन ठिकाणी विखुरलेली सापडेल. यात यंत्राचा दोष नाही. ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

हे यंत्र आहे मात्र देखणं. २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालेलं झोटेरो घ्या. ते फुकट आहे आणि मुक्तस्रोतही. त्याची सगळी करामत एका फारकतीत आहे. पुस्तकाची माहिती एकीकडे: लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, प्रत्येकाचा रकाना वेगळा. ती छापायची कशी, स्वल्पविराम कुठे आणि तिरपा ठसा कुठे, याचे नियम दुसरीकडे, शैलीच्या स्वतंत्र फाइलीत. अशा शैली दहा हजारांहून अधिक आहेत. मार्गदर्शकांनी ऐनवेळी शैली बदलायला सांगितली, की एरवी रात्रभर चालणारं काम एका क्लिकवर होतं. प्रबंध बांधायला टाकण्याच्या आदल्या दिवशी याचं मोल काय असतं, ते ज्यानं हाताने सूची केली आहे त्यालाच कळेल.

पण रकाने आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मराठी पुस्तक नव्हतं. नावाचे दोन भाग: आडनाव आणि उरलेलं. 'देशपांडे' आणि 'पुरुषोत्तम लक्ष्मण' इथवर निभतं. पण शैलीत आद्याक्षरं हवी असतील आणि सॉफ्टवेअरनं युनिकोडचा पहिला सांकेतांक तेवढा उचलला, तर उकार मागे राहतो आणि पु. ल. चे प. ल. होतात. 'ग्रेस' या टोपणनावाला आडनावच नाही. कुसुमाग्रज कवितासंग्रहावर कुसुमाग्रज आहेत आणि 'नटसम्राट'वर वि. वा. शिरवाडकर. वर्षाच्या रकान्यात इसवी सन अपेक्षित असतो. जुन्या पुस्तकावर नुसता शक असतो. शके १८०२ म्हणजे १८८० की १८८१, हे महिना कळल्याशिवाय ठरत नाही.

अकारविल्हेची गंमत आणखी वेगळी. बिबटेक हे या जातीतलं जुनं सॉफ्टवेअर ओरेन पटाश्निक यांनी १९८५ साली लिहिलं. तिथे क्रम लागतो तो निव्वळ सांकेतांकांवरून. युनिकोडमध्ये ळ बसतो ल आणि व यांच्या मध्ये. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्ष हे जोडाक्षर असल्यामुळे क्षीरसागर खांडेकरांच्या आधी येऊन बसतात, पारंपरिक क्रमानं ते हडपांच्याही नंतर हवेत. त्यानंतरच्या बिबलाटेकसोबत चालणारं बायबर हे सॉफ्टवेअर भाषेनुसार क्रम लावू शकतं, पण यादी मराठीची आहे हे त्याला सांगावं लागतं. आणि ते सांगायचं राहून जातं.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातली मराठी ग्रंथसूची केली, तेव्हा हे सगळे निर्णय माणसानंच घ्यायचे होते. ग्रंथालयाच्या तालिकेत अशा लेखकासाठी एक साधी सोय असते: 'शिरूरकर, विभावरी' या पत्रावर 'पाहा: बेडेकर, मालती'. माझ्या मते संशोधन-विदेच्या, म्हणजे डेटाच्या, कुठल्याही साधनात सूचीची सोय घालताना छपाईच्या शैलींआधी ही 'पाहा'ची सोय घालायला हवी. संशोधकाची ओळख नक्की करणारा ऑर्किड क्रमांक २०१२ पासून मिळतो, पण तो हयात संशोधक स्वतः घेतो; दिवंगतांसाठी ग्रंथालयांच्या अधिकृत नामसूचीचाच आधार.

विदेच्या भांडारांत सूचीला आणखी एक काम असतं. हार्वर्डमध्ये घडलेल्या डेटाव्हर्समध्ये विदासंचासोबत संबंधित प्रकाशनाचा रकाना असतो. विदासंचांची नोंदणी करणाऱ्या डेटासाइटच्या नोंदीत तर नात्याचा प्रकारही लिहिता येतो: हा लेख या विदेचा दाखला देतो, की ही विदा त्या लेखाची पुरवणी आहे. कोथरूडमध्येच जे. पी. नाईकांनी स्थापन केलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन आहे. १९४८ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था १९७६मध्ये पुण्यात आली. शिक्षणावर प्रत्यक्ष गावांत जाऊन काम करणाऱ्या अशा संस्थेत तक्ते एका कपाटात आणि अहवाल दुसऱ्या कपाटात राहिले, तर वीस वर्षांनी येणाऱ्याला आकडे सापडतात आणि ते का गोळा केले हे सापडत नाही. नात्याचा तो छोटा रकाना यासाठीच लागतो.

राहता राहिल्या दुबार नोंदी. 'निःश्वास' लिहिताना एकानं विसर्ग दिला, दुसऱ्यानं कळफलकावरचं अपूर्णविरामाचं चिन्ह दाबलं, तिसऱ्यानं सरळ 'निश्वास' लिहिलं. डोळ्यांना पहिले दोन सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ही तीन पुस्तकं आहेत. एकत्र करण्याचं बटण झोटेरोत आहे. ते दाबण्याआधी वर्ष आणि प्रकाशक ताडून पाहावेत, कारण कधी कधी दोन नोंदी खरोखरच दोन आवृत्त्यांच्या निघतात.