लेखांक ५ : स्टेपर मोटरचा पॉवर सप्लाय आणि आपल्या डीपीवरची वीज

मागच्या आठवड्यात ड्रायव्हर निवडून झाला. आता त्याला वीज कोणती द्यायची ते पाहू. इथे सगळ्यांनाच एक प्रश्न पडतो : मोटरचं रेटिंग अडीच व्होल्ट, मग २४ व्होल्टचा सप्लाय लावला तर ती जळणार नाही का?

नाही जळणार. तो आकडा म्हणजे गुंडाळीचा रोध गुणिले करंट. नेहमीची नेमा १७ मोटर घ्या : १.७ अँपिअर, १.५ ओहम, गुणाकार २.५५ व्होल्ट. मोटर जागेवर थांबलेली असताना एवढा दाब पुरतो. फिरताना मात्र गुंडाळ्यांतला करंट सतत उलटसुलट करावा लागतो आणि गुंडाळीचं इंडक्टन्स त्याला लगेच चढू देत नाही. २.८ मिलिहेन्रीच्या गुंडाळीत १.७ अँपिअर चढायला १२ व्होल्टवर साधारण ०.४ मिलिसेकंद लागतात, २४ व्होल्टवर ०.२. मिनिटाला ६०० फेरे हवे असतील तर सेकंदाला २००० स्टेप होतात, म्हणजे एका स्टेपच्या वाट्याला जेमतेम ०.५ मिलिसेकंद येतो. १२ व्होल्टवर करंट पुरता चढतो न चढतो तोच पुढची स्टेप येते. मोटरचा जोर कमी होतो, स्टेप चुकतात आणि कोरलेली नक्षी तिरकी जाते. दाब वाढवला तरी चॉपर ड्रायव्हर करंट ठरलेल्या मर्यादेतच ठेवतो, म्हणून मोटर सुखरूप राहते.

मग ड्रायव्हरला सोसेल तेवढा दाब का देऊ नये? कारण सॉकेटमधली वीज एका जागी ठरत नाही. परळीला औष्णिक वीज केंद्र आहे म्हणून आसपासच्या गावांना दाब चांगला मिळतो असं नाही. तिथली वीज उच्च दाबाने ग्रीडमध्ये जाते. २०१५ मध्ये पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावं लागलं, तेव्हाही घरांना वीज ग्रीडवरूनच येत होती. आपल्या सॉकेटमधला दाब ठरतो तो डीपीवर, डीपीपासून घरापर्यंतच्या तारेवर आणि त्या घडीला लाइनवर किती भार आहे यावर. शेतवस्तीवर थ्री फेज आली की पंप एकदम सुरू होतात आणि दाब खाली बसतो. पंप बंद झाले की तो उसळी मारतो. म्हणून सप्लाय घेण्याआधी मल्टिमीटरने पंपांच्या वेळेत आणि रात्री उशिरा सॉकेटचा दाब मोजा आणि वहीत लिहून ठेवा.

हे का करायचं, ते ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटरच्या साध्या सप्लायवर लगेच कळतं. समजा, दुकानातून २४ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर आणला. २४ गुणिले १.४१४ म्हणजे ३३.९, ब्रिजमधल्या दोन डायोडचे १.४ वजा केले की ३२.५ व्होल्ट डीसी. ए४९८८ ड्रायव्हरची मर्यादा ३५ आहे, म्हणजे कागदावर सगळं ठीक. आता सॉकेटमधला दाब २३० वरून २५३ झाला, म्हणजे फक्त दहा टक्के वाढला, तर डीसी जवळपास ३६ होतं. मोटर थांबलेल्या असतील तर ट्रान्सफॉर्मरवर भार नसतो आणि आकडा आणखी वर जातो. ड्रायव्हर गेलाच. १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर २३० ला २४ व्होल्ट मिळतात, २५३ ला साडेसव्वीस आणि १८० ला साडेअठरा. तिन्ही वेळा ड्रायव्हर सुरक्षित राहतो. दाब पडला की फक्त वेग कमी ठेवायचा.

माझं स्पष्ट मत, नवशिक्याने आपल्या भागात २४ व्होल्टचा एसएमपीएसच घ्यावा. इनपुट दाब वरखाली झाला तरी तो आउटपुट स्थिर ठेवतो. फक्त लेबल नीट वाचा. काहींवर इनपुट १८० ते २६४ लिहिलेलं असतं, काहींवर ८५ ते २६४. वहीत १७० चा आकडा दिसत असेल तर दुसराच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. बाजूला ११०/२३० चा छोटा स्विच असेल तर वायर जोडण्याआधी तो २३० वर आहे याची खात्री करा. ११० वर राहिला तर पहिल्याच क्षणी सप्लाय जळतो.

अँपिअरचा हिशेब सोपा आहे. चॉपर ड्रायव्हर असला की प्रत्येक मोटरच्या करंटचा दोन तृतीयांश धरतात. १.७ च्या तीन मोटरी म्हणजे ३.४ अँपिअर, ५ अँपिअरचा, म्हणजे १२० वॉटचा सप्लाय पुष्कळ झाला.

मोटर झटक्यात थांबते तेव्हा ती क्षणभर जनरेटर होऊन वीज उलटी ढकलते. त्यासाठी ड्रायव्हरच्या पायांजवळच १०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर लावा. लांब वायर टाकून लावला तर निम्मा उपयोग जातो. सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका.

एसएमपीएसच्या पत्र्याला अर्थिंग हवंच. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते तेव्हा अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, म्हणून आठवड्याला त्यात पाणी ओता. फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये १०० वॉटचा बल्ब लावून गावात ते तपासतात, तसं स्वतः करू नका, वायरमनला बोलवा. पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरवरचा करंट सेट करू.