उठता उठता सांगितलेली तक्रार

"हात कापतो त्याचे काही नाही, डॉक्टर, पोट साफ होत नाही, अंगात त्राण नाही." पार्किन्सन्सचे रुग्ण हे बहुधा उठता उठता, संकोचाने सांगतात, पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात ते मोकळेपणी बोलता येते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या निबंधातच मलावरोधाची नोंद केली आहे. या आजारात जठर व आतडी मंदावतात, लेव्होडोपाची गोळी उशिरा लागू पडते आणि थकव्यात भर पडते. मळमळ होत नसल्यास गोळी जेवणापूर्वी अर्धा तास, पाण्याबरोबर घ्यावी, दुधाबरोबर नको. रात्री उठावे लागते म्हणून पुष्कळ आजोबा पाणीच तोडतात! हृदयविकार वा मूत्रपिंडविकार नसल्यास संध्याकाळपूर्वी पुरेसे प्यावे. पाण्याविना इसबगोल उलट अडते. स्नान, फिरणे गोळीचा अंमल असतानाच उरकावे. पोट फुगून उलट्या झाल्यास रेचक न देता तत्काळ रुग्णालय गाठावे.