सर्व्हर उठत नाही, तेव्हा आधी काय वाचायचं
(गावाकडचं जाळं : लेखांक ९)

फाइल एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर कशी जाते, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आजचा विषय ती जायची थांबते तेव्हाचा, आणि त्यातला एकच प्रसंग: फाइल घेणारा सर्व्हर सुरूच होत नाही.

वारणानगरच्या वाचकाला हा विषय परका नाही. १९९८ साली इथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकांनी जोडायला घेतली. कारखान्याला गेलेल्या उसाचं वजन आणि खताची मागणी यांसारखी माहिती शेतकऱ्याला गावातल्या केंद्रावरच मिळावी, हा त्यामागचा विचार. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम चालवून पाहिलं आणि २००७ साली त्याचे निष्कर्ष मांडले. गावोगावी संगणक सांभाळणं खर्चाचं आणि कटकटीचं होतं, हे त्यामागचं मोठं कारण. अशा प्रकल्पांबद्दल लिहिताना जोडणीचं कौतुक भरपूर होतं. सकाळी केंद्र उघडल्यावर बंद पडलेली यंत्रणा उठवणाऱ्या माणसाबद्दल मात्र कुणी फारसं लिहीत नाही. हा लेखांक त्याच्यासाठी आहे.

आधी थोडा इतिहास. फाइल पाठवण्याचे नियम, म्हणजे एफटीपी, पहिल्यांदा लिहून काढले ते अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले हे अभियंते तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. मसुद्याची तारीख १६ एप्रिल १९७१. आज वापरात असलेला नियमांचा मुख्य मसुदा १९८५ सालचा आहे. गुगल क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ साली एफटीपीला रजा दिली. तरीही कार्यालयांच्या आतल्या जाळ्यात, जुन्या लेखा प्रणालींत आणि यंत्रांकडून नोंदी गोळा करणाऱ्या संगणकांवर तो अजून राबतो आहे.

आता मुद्द्यावर येऊ. ‘एफटीपी बंद आहे’ या एका तक्रारीत दोन वेगळी दुखणी असतात. एकात सर्व्हर चालू असतो, पण बाहेरून लागत नाही. दुसऱ्यात सर्व्हर उठलेलाच नसतो. पहिल्याचं कारण बहुधा फायरवॉल, राउटर किंवा पासवर्ड. दुसऱ्याशी यांतल्या कशाचाही सहसा संबंध नसतो. फायरवॉल येणाऱ्याला अडवते, सर्व्हरला उठू देत नाही असं नाही. म्हणून सर्व्हर उठत नसताना फायरवॉल बंद करून बसणं हे नुसतं निरुपयोगी नाही, धोक्याचंही आहे. काम झाल्यावर ती पुन्हा चालू करायची राहून जाते.

कोणतं दुखणं आहे हे ठरवायला मिनिटभर पुरतं. लिनक्सवर ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ या आज्ञेपुढे सेवेचं नाव लिहायचं. विंडोजवर सर्व्हिसेसची यादी उघडून सेवेसमोर ‘रनिंग’ आहे का ते बघायचं. नसेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी व्हीएसएफटीपीडी हा सर्व्हर असतो, म्हणून उदाहरण त्याचंच घेतो. स्टेटस विचारलं की तांबड्या अक्षरांत ‘फेल्ड’ दिसतं आणि शेजारी ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. इथेच माणसं घाबरतात आणि सर्व्हर काढून पुन्हा टाकतात. तसं करू नका. या ओळीवरून बिघाड सेटिंगच्या फाइलमध्ये असावा एवढंच समजतं, कुठे आहे ते नाही. ते हवं असेल तर तोच प्रोग्रॅम रूट अधिकाराने, पुढे सेटिंगच्या फाइलचं नाव देऊन, हाताने चालवा. तो लगेच ‘५०० ऊप्स’ म्हणून एक ओळ छापेल. खरं कारण त्या ओळीत असतं.

ती ओळ नीट वाचली तर बहुतेक वेळा दुरुस्ती एका अक्षराची निघते. या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या आगेमागे मोकळी जागा चालत नाही. आपण सवयीने जागा सोडतो आणि तो उठायचं नाकारतो. ओळीच्या शेवटी राहिलेली जागाही त्याला खपत नाही. फाइल विंडोजवर तयार करून जतन केली असेल, तर प्रत्येक ओळीच्या टोकाला डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह चिकटू शकतं. मग ‘लिसन’ या शब्दापुढे ‘येस’ स्पष्ट लिहिलेलं दिसतं आणि सर्व्हर सांगतो की किंमत चुकीची आहे. तो खोटं सांगत नाही. त्याला ‘येस’च्या पुढचं ते चिन्हही दिसतं.

दुसरी हमखास सापडणारी गोष्ट: डेबियन आणि उबंटूवर मूळ फाइलमध्ये ‘लिसन’ बंद आणि ‘लिसन आयपीव्ही६’ चालू असतं. कुठून तरी उतरवून घेतलेल्या चार ओळींत ‘लिसन येस’ असतं, आणि दोन्ही एकदम चालू होतात. मग सर्व्हर म्हणतो, दोन्हींसाठी माझ्या दोन प्रती चालवा. दोन्हींपैकी एक बंद केलं की काम झालं.

सेटिंग निर्दोष असेल तर पोर्ट बघायचा. एफटीपी २१ क्रमांकाच्या पोर्टावर कान लावून बसतो. पोर्ट म्हणजे कार्यालयातली खिडकी: एका खिडकीवर एका वेळी एकच कारकून बसतो. आधीपासून दुसरा सर्व्हर किंवा याच सर्व्हरची जुनी प्रत तिथे बसली असेल, तर नवा उठत नाही आणि ‘कुड नॉट बाइंड’ असं काहीसं सांगून संपतो. लिनक्सवर ‘एसएस’, विंडोजवर ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा कोण बसलंय ते दाखवते. विंडोजवर ‘एएनओ’ ही अक्षरं जोडली की शेवटच्या रकान्यात प्रोसेसचा क्रमांक येतो, आणि टास्क मॅनेजरमध्ये त्या क्रमांकाचा मालक सापडतो. तो कोण आहे हे कळल्याशिवाय बंद करू नका. कदाचित दुसऱ्या विभागाचं काम त्याच्यावर चाललेलं असेल.

पोर्ट बदलून पळवाट काढताना एक लक्षात ठेवा. लिनक्सवर १०२४ च्या आतल्या पोर्टांना रूटचा अधिकार लागतो. वरचा पोर्ट घेतला तरी रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर एसईलिनक्स नावाची पहारेदारी त्याला अडवू शकते.

आपल्याकडे सर्वांत जास्त त्रास देणारं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते विजेशी बांधलेलं आहे. हाताने चालू केला की सर्व्हर व्यवस्थित चालतो. रात्री वीज जाऊन आली की सकाळी बंद. याची दोन कारणं तपासा. एक, सेवा ‘स्टार्ट’ केली होती, ‘एनेबल’ केलीच नव्हती, म्हणजे संगणक उठताना तिला उठवायला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन, सेटिंगमध्ये ठरावीक आयपी पत्ता लिहिलेला आहे, आणि वीज आल्यावर संगणक आधी उठतो, राउटर मागाहून. सर्व्हर पत्ता शोधतो, पत्ता अजून मिळालेलाच नसतो, आणि तो हार मानतो. कधी राउटर नवाच पत्ता देतो, मग तर हाताने चालू केला तरी उठत नाही. सर्व्हरच्या संगणकाला कायमचा पत्ता द्या आणि नेटवर्क तयार झाल्यावरच सेवा सुरू व्हावी अशी अट घाला. गळीत हंगामात, वजनाच्या नोंदी रोज यायच्या असताना, एवढ्या दोन ओळींनी पुष्कळ सकाळी वाचतात.

विंडोजवर १०६९ हा क्रमांक दिसला तर सर्व्हर तपासत बसू नका. सेवा ज्या खात्याने चालते त्याचं लॉगइन झालेलं नाही. बहुधा कुणी त्या खात्याचा पासवर्ड बदललेला असतो आणि सेवेच्या गुणधर्मांत जुनाच राहिलेला असतो. आणि डिस्क भरली आहे का, हेही बघून घ्या. नोंदवही लिहायला जागा नसली की काही सेवा उठतच नाहीत.

या सगळ्यात एक उपाय मात्र कधीही करू नका: फोल्डरला सर्वांना सगळे अधिकार देऊन टाकणं. उठत नसलेला सर्व्हर त्याने सहसा उठत नाही, आणि कारखान्याच्या, सोसायटीच्या, दूधसंस्थेच्या सभासदांच्या नोंदी उघड्यावर पडतात. त्या नोंदींत माणसांचे पैसे आहेत.

मदत मागताना ‘सर्व्हर चालत नाही’ एवढंच लिहू नका. ‘ऊप्स’ची पूर्ण ओळ किंवा त्रुटीचा क्रमांक, सर्व्हरचं नाव, आणि शेवटी कोणती गोष्ट बदलली होती, हे पाठवा. सेटिंगच्या फाइलला हात लावण्याआधी तिची एक प्रत बाजूला ठेवा. एफटीपी पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठवतो, म्हणून तो सोडून एसएफटीपीकडे कसं जायचं, ते पुढच्या लेखांकात.