प्रत जशी आहे तशी

सकाळी ७.००

जुन्या पुस्तकांचे फोटो मी सकाळीच काढते. पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. ऊन आत येत नाही, उजेड येतो. ट्यूबलाइटखाली पानांचा पिवळेपणा लपतो आणि फ्लॅशमध्ये सुरकुत्या, म्हणून दोन्ही बंद. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा, आवृत्तीचं पान आणि पुस्तकाची सगळ्यात खराब झालेली जागा, एवढे फोटो प्रत्येक प्रतीचे निघतात. खराब जागेचा जवळून, शेजारी पट्टी ठेवून. इंटरनेटवर त्याच पुस्तकाच्या नव्या मुखपृष्ठाचे चकचकीत फोटो मिळतात. ते मी लावत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी माझ्या टेबलावरची ही प्रत जाणार आहे.

सकाळी ८.३०

रद्दीच्या दुकानातले काका आठवड्याचा गठ्ठा बाजूला काढून ठेवतात. त्यात आज वाचनालयाचा शिक्का असलेलं एक जाड पुस्तक निघालं. "काका, यावर 'रद्द' असा शिक्का दिसत नाही." "ताई, असेल की आतल्या पानावर." नव्हता. अशी प्रत मी वाचनालयाला फोन केल्याशिवाय विक्रीला लावत नाही. त्यांनी ती काढून टाकली असेल तर वर्णनात तसं लिहायचं, नसेल तर परत द्यायची.

सकाळी १०.००

आता तपासणी. दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि यात घाई चालत नाही.

पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं. बांधणीत एखादा फर्मा गळतो, दोनदा लागतो किंवा उलटा शिवला जातो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून पृष्ठक्रमांक शेवटपर्यंत बघते. एका कादंबरीत आज १२८ नंतर एकदम १४५ आलं. ती बाजूला.

मग आवृत्ती. मराठी पुस्तकात बरेचदा सगळ्या आवृत्त्यांची यादी छापलेली असते. वरचं साल पहिल्या आवृत्तीचं; हातातली प्रत असते यादीतल्या शेवटच्या नोंदीची. वरचं साल उचलून 'प्रथमावृत्ती' लिहिणारे विक्रेते मी रोज बघते, आणि संग्राहक त्या एका शब्दासाठी कितीतरी जास्त पैसे मोजतो. 'कोसला' १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीने काढली. पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे आली. नुसतं 'कोसला, जुनी प्रत' लिहिलं तर वाचकाला यातलं काहीच कळत नाही. साल शकात छापलेलं असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. सन सांगताना मूळ शकही लिहायचा.

संचांचं वेगळंच. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात आले आणि पुरवणी विभाग १९५० मध्ये. सात खंडांना 'संपूर्ण संच' म्हणायचं असेल तर पुरवणी नाही हे त्याच ओळीत आलं पाहिजे.

शेवटी वास. फोटोत न दिसणारी ही गोष्ट दम्याच्या माणसाला सगळ्यात आधी कळायला हवी. डांबरगोळ्यांचा, ओलीचा, जो असेल तो वहीत लिहून ठेवते.

सकाळी ११.३०

लिहायला बसते. 'चांगल्या स्थितीत', 'वापरलेले पण सुस्थितीत', 'अवश्य संग्रही असावे' हे शब्दप्रयोग मी कायमचे काढून टाकले आहेत. त्यांतून वाचकाला काहीही दिसत नाही. आजचं एक वर्णन असं झालं:

"कापडी बांधणी, शिवण घट्ट. कण्यावरची अक्षरं पुसट. पहिल्या कोऱ्या पानावर शाईने नाव व १९७१. पृष्ठे ४५ ते ५२ समासात पेन्सिलीच्या खुणा. शेवटच्या तीन पानांना कसरीची बारीक भोकं, मजकूर शाबूत. डांबरगोळ्यांचा सौम्य वास. पृष्ठे ३१२, सर्व आहेत. वजन ४२० ग्रॅम."

दोष वरच येतात, 'अधिक वाचा'च्या खाली दडत नाहीत. पुस्तकाचं नाव आतल्या शीर्षकपानावर असेल तसं देते आणि लोक टाइप करतात तसंही: 'ययाति' आणि 'ययाती' दोन्ही, नाहीतर शोधणाऱ्याला ते सापडतच नाही. आयएसबीएन असेल तर देते. २००७ पासून तो तेरा अंकी झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर दहा अंकी, आणि फार जुन्यांवर नसतोच. 'दुर्मिळ' लिहिण्याआधी प्रकाशकाला विचारते. पुष्कळदा ते पुस्तक अजून छापलं जात असतं.

दुपारी २.१५

जेवण झालं आणि नागपूरहून फोन. "ताई, पेन्सिलीच्या खुणा म्हणजे नेमकं काय हो?" समासात अवघड शब्दांचे अर्थ लिहिलेत, कुणीतरी एमएला अभ्यासलेलं दिसतं, असं मी सांगितलं. "मग तीच ठेवा माझ्यासाठी. लेकीला परीक्षेला तेच हवंय." मी खोडरबर घेऊन खुणा पुसत नाही ते यासाठीच. एकाला जो दोष वाटतो तो दुसऱ्याला हवा असतो. ते ठरवायचा हक्क विकत घेणाऱ्याचा.

दुपारी ४.००

पार्सल बांधताना वर्णन उघडं ठेवून प्रत पुन्हा पडताळते. कोपऱ्यांना पुठ्ठा, आत प्लॅस्टिक, मग खाकी कागद. साडेपाचच्या आत पोस्टात.

रात्री ९.००

एक प्रत परत आली आहे: पानं फोटोत दिसली त्याहून जास्त तपकिरी. पैसे लगेच परत केले. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार वस्तू जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर ती परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि मला ते पूर्ण पटतं. तिच्या वर्णनात आता 'पानं गडद तपकिरी, कडा ठिसूळ' असं घातलं आहे, फोटोही उद्या नवे काढीन.

तुमच्या घरातली आजोबांची पुस्तकं कधी विकायला काढलीत तर एवढं करा: पानं मोजा, शेवटची आवृत्ती बघा, वास घ्या, आणि फाटलेल्या कोपऱ्याचा फोटो वगळू नका.