एक खंजेरी, सात खंजेऱ्या

"आबा, पेटी-तबला कुठाय?" मोझरीच्या मंडपात नातवानं विचारलं.

म्हटलं, "थांब जरासा. ऐक त बाप्पा आधी."

समोर एका खेड्यातलं भजनी मंडळ बसलं होतं. एक खंजेरी, दोन टाळ, सहा-सात गळे. बुवांनी ओळ उचलली, बाकीच्यांनी झेलली. तीच ओळ पुन्हा, आणखी पुन्हा. कितव्या फेरीला लय चढली ते कळलंच नाही. पोरगं मात्र मांडीवर ठेका धरून बसलं होतं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. तेव्हापासून अश्विन वद्यात मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात पुण्यतिथी महोत्सव भरतो आणि महाराजांची भजनं त्यांच्याच वाद्यावर ऐकायला मिळतात. वाद्य तरी केवढं? हातात मावेल एवढं लाकडी कडं, एका तोंडाला कातडं, खाचांत पितळी चकत्या. एवढ्यावर महाराजांनी गावंच्या गावं जागवली; १९४२ मध्ये इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, मग ते विस्तवावर शेकायचं. माझी पहिली खंजेरी मी अशीच जाळली. आमच्या बुवांनी नवी दिली, पण महिनाभर विस्तवाजवळ फिरकू दिलं नाही.

नातू पुण्यात संगीत शिकतो. रात्री त्यानं मोबाइलवर स्टीव्ह राइक या अमेरिकन संगीतकाराची १९७२ ची रचना ऐकवली. दोघं जण नुसत्या टाळ्या वाजवतात. ठेका एकच, एक जण तो धरून ठेवतो, दुसरा ठरावीक फेऱ्यांनंतर एकेक मात्रा सरकतो आणि बारा वेळा सरकून पुन्हा पहिल्याशी जुळतो. याला म्हणे मिनिमलिझम म्हणतात. मोजक्या सुरांची, मोजक्या ठेक्याची आवर्तनं इतकी करायची, की ऐकणाऱ्याला बारीकसा फरकही मोठा वाटावा. त्या रचनेत सारं लिहून ठरलेलं. आमचे बुवा समोरच्यांचे चेहरे पाहून ठरवतात.

प्रयोगही इथं कमी झाले नाहीत. आमच्या अकोला जिल्ह्यातले, अकोटकडचे सत्यपाल महाराज एकटे सात खंजेऱ्या वाजवतात आणि त्या तालावर हुंडा, दारू, बुवाबाजी यांची साल काढतात. सात वाजवा की सत्तर, माझी हरकत नाही. हल्ली काही मंडळं खंजेरीशेजारी ऑक्टोपॅड ठेवतात, तिथं मात्र मी उठून चहा प्यायला जातो.

महोत्सवातल्या मौन श्रद्धांजलीच्या दिवशी आम्ही मैदानात होतो. ४ वाजून ५८ मिनिटं झाली, महाराजांच्या निर्वाणाची वेळ. एवढा अफाट समुदाय जागच्या जागी थबकला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या खंजेरीची चकती वाऱ्यानं किणकिणली. त्यानं तिच्यावर तळहात ठेवला.