समजून घ्या : निबंध क्षयरोगावर, मग परीक्षक कोण?

२४ मार्चचा जागतिक क्षयरोग दिन जवळ आला, की शाळा-कॉलेजांत निबंध स्पर्धांची घाई सुरू होते. विषय ठरतो, बक्षिसं ठरतात. परीक्षक मात्र अनेकदा शेवटच्या दोन दिवसांत फोनवर ठरतात. मराठीचे एक सर, ओळखीतले एक डॉक्टर आणि प्रायोजकाकडचा एक पाहुणा.

यात बिघडतं काय?

समजा, पहिल्या आलेल्या निबंधात ‘रुग्णाचं ताट-वाटी वेगळी ठेवा’ असं लिहिलंय. भाषा सुरेख आहे, माहिती चुकीची. टीबी भांड्यांतून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला रुग्ण खोकतो, शिंकतो, तेव्हा जंतू हवेतून पसरतात. हाडांचा किंवा गाठींचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही. आता हा निबंध परिपाठात वाचला गेला आणि समोर बसलेल्या एखाद्या मुलीच्या आईचा सहा महिन्यांचा औषधांचा कोर्स सुरू असेल तर? घरी गेल्यावर ती आईचं ताट बाजूला ठेवेल.

म्हणून वैद्यकीय तपासणी गुणांमध्ये मिसळू नका, ती आधी करा. चुकीची माहिती असलेला निबंध पुढच्या फेरीत जाणारच नाही. यासाठी मोठं नाव लागत नाही. जिल्हा क्षयरोग केंद्रातले, रोज रुग्णांच्या घरी जाणारे कर्मचारी हे काम चोख करतील. उपचार पूर्ण केलेली एखादी व्यक्ती स्वखुशीने परीक्षक व्हायला तयार असेल, तर त्याहून उत्तम.

गुणांची बेरीज फसवते

तीन परीक्षक नेमले म्हणजे निकाल निःपक्षपाती, असं नाही. पहिल्याने ‘अ’ निबंधाला ७२, ‘ब’ला ६८ दिले. दुसऱ्याने ७० आणि ६६. तिसरा सढळ हाताचा आणि तितकाच कडक, त्याने ‘अ’ला ४५, ‘ब’ला ७५ दिले. बेरीज १८७ विरुद्ध २०९. तिघांपैकी दोघांना ‘अ’ आवडला, जिंकला ‘ब’! बेइमानी कुणीच केली नाही. उपाय साधा आहे. गुणांऐवजी प्रत्येकाकडून क्रमांक घ्या आणि क्रमांकांची बेरीज करा. इथे ‘अ’चे ४, ‘ब’चे ५. कमी बेरीज तो विजेता.

नाव झाकून सांकेतिक क्रमांक देणं आता बऱ्याच ठिकाणी होतं, पण वर्गशिक्षकांना अक्षर ओळखू येतंच. त्यामुळे एका शाळेचे निबंध दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांकडे द्या किंवा टाइप करून घ्या. परीक्षकाचं मूल, पुतण्या किंवा क्लासचा विद्यार्थी स्पर्धेत आहे का, हे आधीच लेखी विचारा. असेल तर तो गठ्ठा दुसऱ्याकडे.

राहिला प्रायोजक. बॅनरवर नाव, हातात हार, सगळं द्या. गुणपत्रिका तेवढी देऊ नका.